वहीतली एक ओळ

आमच्या घरात पंचवीस वर्षं एक मोटारसायकल होती. मी तिच्यावर मागे बसले, तिला पुसलं, तिच्यावरून भांडले, पण ती चालवायला काही शिकले नाही. आणि 2023 साली ती विकायची वेळ आली, तेव्हा विकणारी मीच उरले होते. त्याआधी मी आयुष्यात काय विकलं असेल? रद्दी विकली, आणि बोहारणीला जुन्या साड्या देऊन तिच्याशी एका पातेल्यावरून अर्धा तास हुज्जत घातली. तेवढाच माझा व्यापार!

गाडी येझदी रोडकिंग. 250 सीसी, 1991 चं मॉडेल. आमच्या कर्नाटकातलीच, मैसूरची. तिथल्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून आधी जावा आणि मग येझदी या गाड्या बनायच्या. 1996 साली तो बंद पडला. या गाडीच्या तऱ्हा आमच्या सासूबाईंसारख्या, तिच्याच पद्धतीनं वागलं तर ठीक. सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन. किकचा दांडा वेगळा आणि गिअरचा वेगळा असं नाही. किक मारून झाली की तोच दांडा परत जागेवर वळवायचा, की झाला तो गिअर. पेट्रोलमध्ये ऑइल मापानं मिसळायचं. माप चुकलं की एक तर धुराचे लोट, नाही तर इंजिन रुसलेलं. आमच्या ह्यांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला की मी चहाचं आधण ठेवायची. ह्यांचा म्हणजे गाडीचा.

ती आम्ही 1998 साली घेतली, सेकंडहँड, 14,000 रुपयांना. त्यातले 4,000 माझ्या भिशीचे होते. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं त्यात माझाही जीव अडकलेला होता.

विकणारे गृहस्थ कॅम्पात राहायचे. बोलायला गोड. आम्ही गेलो तेव्हा गाडी पुसून अंगणात उभी. एका किकमध्ये सुरू झाली. ह्यांचा चेहरा असा उजळला, की मी पदराच्या गाठीतले पैसे तिथंच मोजले. इंजिनाजवळ उभं राहिल्यावर पायाला ऊब लागत होती, ती मला आठवते. आम्ही येणार म्हणून त्यांनी आधीच चालू करून ठेवली असेल, किती अगत्य, असं मला वाटलं. जुनी गाडी बघताना इंजिन थंड असलं पाहिजे, गरम इंजिन आपले दोष सांगत नाही, ही अक्कल फार पुढं आली.

तिसऱ्याच रविवारी आंबोलीला निघालो. थोरला तीन वर्षांचा, आम्हा दोघांच्या मध्ये. शिनोळी मागे टाकली, चंदगडच्या बाजूला उताराला लागलो आणि गाडीचं मागचं चाक धावता धावता एकदम धरलं. ह्यांनी क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. नाही तर मागून येणाऱ्या ट्रकनं काय केलं असतं ते आजही मनात आणत नाही. त्याच ट्रकवाल्यानं गाडी वर चढवून आम्हाला बेळगावात आणून सोडलं. मिस्त्रीनं इंजिन उघडलं. आतला पिस्टन आधी एकदा असाच धरलेला होता, तो नुसता पॉलिशपेपरनं घासून परत बसवला होता. गाडीचा दोष नव्हता; माणसाचा होता.

हे त्या गृहस्थांकडे गेले. अर्ध्या तासात परतले. मी विचारलं, काय म्हणाले? तर म्हणाले, "ते म्हणतात, तुम्ही पाहूनच घेतलीत ना?"

एवढंच. त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतंही. पाहूनच घेतली होती.

त्या रात्री ह्यांनी दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलं, 'गाडी घेतली. 14,000. फसलो.' दुसऱ्या ओळीत, 'बोअर केलं, पिस्टन नवीन, 5,500.' तिथून पुढं जे काही त्या गाडीला झालं ते वहीत गेलं. प्लग बदलला, चेन घट्ट केली, टायर कुठून आणला, किती किलोमीटरला ऑइल बदललं. आमच्या दोन्ही मुलांच्या लसींची नोंद मी इतकी नीट ठेवली नव्हती. मी चिडवायची, "वही लिहून आत्मा शुद्ध होतो काय?" ते म्हणायचे, "उद्या कुणी घेतली तर त्याला कळायला नको?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

2021 च्या मे महिन्यात हे गेले. गाडी मागच्या शेडमध्ये तशीच उभी. कित्येक महिने मी तिकडं पाहिलं नाही. मग 2022 च्या जानेवारीत येझदी नावाच्या नव्या गाड्या पुन्हा बाजारात आल्या, आणि बेंगळूरला असलेला आमचा थोरला फोनवर सांगू लागला, "आई, जुन्या रोडकिंगला आता फार मागणी आहे. बाबांची वही आहे, म्हणजे अजूनच. उभी राहून गंजण्यापेक्षा देऊन टाकू." त्याचं चुकत नव्हतं. न वापरता धरून ठेवलेली वस्तू म्हणजे नुसता परिग्रह, हे मीच पाठशाळेतल्या मुलींना सांगत आलेय. स्वतःच्या शेडकडं बोट आलं तेव्हा मात्र जड गेलं.

आता कागदांचं सांगते, कारण हे आपल्यापैकी कुणालाही कधीतरी लागणार आहे आणि तेव्हा सांगायला कुणी नसतं. नवरा गेला म्हणजे गाडी आपोआप आपली होत नाही. ती आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते, त्याचा फॉर्म नंबर 31. सोबत मृत्यूचा दाखला, आरसी, विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांची संमती. हे लवकर करायचं असतं, मी उशीर केला होता. त्यात गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करावी लागते. आमची मुदत संपली ती नेमकी हे गेल्यावर तीन आठवड्यांनी. म्हणजे दोन्ही कामं एकदम. त्यासाठी गाडीच्या चॅसीवर ठोकलेला नंबर कागदावर घासून घ्यावा लागतो. कागद त्यावर धरायचा आणि वरून पेन्सिल हलक्या हातानं फिरवायची, लहानपणी आपण नाण्याची छापं काढायचो ना, तसं. मी शेडमध्ये पाटावर बसून नातवाच्या पेन्सिलीनं ते आकडे काढले. एकेक आकडा वर येत होता. ह्यांचा हात त्या ठिकाणी किती वेळा फिरला असेल! तिथं मी पहिल्यांदा नीट रडले.

विकताना पुढं फॉर्म 29 आणि 30. आणि एक गोष्ट गाठ मारून ठेवा: गाडी ज्या दिवशी हातातून जाते, त्या दिवशीची तारीख आणि वेळ घालून, घेणाऱ्याची सही असलेली पोचपावती आपल्याकडे ठेवायची. नावावर व्हायला दिवस लागतात; तेवढ्यात त्यानं कुठं धडकवली तर पोलीस आपल्या दारात येतात.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. मला वाटलं होतं, जुनी गाडी घेणारे म्हणजे नवी परवडत नाही असे लोक. तसं नव्हतंच. यांचा एक वेगळाच संप्रदाय आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो, गावोगावचे लोक आपापल्या गाड्या काढून जमतात. त्यांची नजरही वेगळी. रंग उडालेला असला तरी चालेल, पण मूळचा हवा. नवा चकचकीत मारलेला बघून नाक मुरडतात. आपण सोनं कसोटीवर लावतो तसं हे एकेक नट लावून बघतात, हा कारखान्याचा की बाजारातला. इंजिनाचा नंबर आरसीशी जुळतो की नाही, यावर पन्नास हजारांचा फरक पडतो म्हणे.

पहिला आला, त्यानं गाडीला हातही लावला नाही. "लास्ट किती?" हेच तीनदा विचारलं. दुसऱ्यानं टॉर्च आणली होती, खाली झोपून नंबर बघितले, टाकीवर टिचक्या मारल्या आणि मुलगी पसंत नसलेल्या पाहुण्यांसारखा "कळवतो" म्हणून गेला. तिसरा खानापूरचा. तिशीच्या आतला, घरची वीटभट्टी. आदल्या दिवशी त्याचा फोन आला, "काकू, एक विनंती हाय. मी यायच्या आधी गाडी चालू करू नका." मला कॅम्पातलं ते अंगण आठवलं आणि हा मुलगा मनात बसला.

तो आला, इंजिनावर हात ठेवून थंड असल्याची खात्री केली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. त्यानं लगेच पीळ दिला नाही, तशीच हळू चालू ठेवून कान देऊन ऐकत राहिला. त्याच्या वडिलांकडे येझदी होती, त्यांच्या आजारपणात विकावी लागली, हे त्यानं बोलता बोलता सांगितलं. आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत ताटं होतात, साडेपाच वाजलेले, म्हणून त्याला म्हटलं, "जेवूनच जा." जेवण झाल्यावर मी ती वही त्याच्यापुढे ठेवली.

तासभर तो पानं उलटत बसला. 'फसलो' वाचून हसला. शेवटी वही मिटून म्हणाला, "काकू, अशी वही असलेली गाडी मी बघितली नाही. आता मला वेगळं काय विचारायचं नाही." एक लाख दहा हजार ठरले. पाच हजार इसारा देऊन गेला. पुढच्या रविवारी न्यायला येणार.

'वेगळं काय विचारायचं नाही.' रात्री अंथरुणावर पडले आणि ते शब्द टोचायला लागले.

2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात जो पाऊस झाला, तो इथल्या कुणी विसरणार नाही. नाल्याचं पाणी आमच्या मागच्या अंगणात रात्रीतून चढलं. गाडी टाकीपर्यंत पाण्यात, दीड दिवस. नंतर मिस्त्रीनं उघडली तेव्हा गिअरचं ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं. सगळं धुतलं, वायरिंग नवीन केलं, गाडी सुरू झाली. पण मिस्त्री म्हणाला होता, क्रँकच्या बेअरिंगला पाणी लागलंय, आता चालेल, पण कधीतरी खोलावा लागणार. माझ्यासमोर म्हणाला होता.

मी उठले, दिवा लावला, वही काढली. जून 2019, चेन. त्यानंतर एकदम नोव्हेंबर 2019: 'वायरिंग पूर्ण नवीन. सीट कव्हर.' पाण्याचा शब्द नाही. क्रँकचा नाही. प्लगच्या किमतीपासून लिहून ठेवणाऱ्या माणसानं दीड दिवसाचा पूर लिहिलेला नव्हता.

खरं सांगते, त्या क्षणी मला गाडीचं काही वाटलं नाही. मला ह्यांची भीती वाटली.

का लिहिलं नसेल? त्या रात्री पाणी वाढताना हे आधी सासूबाईंना वर घेऊन गेले, मग माझं शिवणयंत्र, मग कपाटातले ग्रंथ. गाडीपर्यंत पोचेतो उशीर झाला. सकाळी जिन्यात बसून नुसते बघत होते. ते लिहायला हात धजावला नसेल, असं एक मन म्हणतं. पण त्याच दिवाळीत धाकटीच्या लग्नाच्या खर्चाचा विषय निघाला होता आणि हे म्हणाले होते, "वेळच आली तर गाडी देऊ, वहीमुळं किंमत चांगली येईल." हेही मला आठवतं. न आठवतं तर बरं झालं असतं.

सकाळी थोरल्याला फोन केला. तो म्हणाला, "आई, त्यानं तपासून घेतली ना? त्यानं विचारलं का पाण्याचं? नाही ना? मग? पाहून घेतली त्यानं."

मी म्हटलं, "हे वाक्य तू कुठं ऐकलंस?" त्याला कळलं नाही. चंदगडच्या उतारावर तो आम्हा दोघांच्या मध्ये होता, पण तीन वर्षांचा. त्याला काय आठवणार?

मग तो जे बोलला ते लागलं. "बाबांनी स्वतः लिहिलं नाही. तू कोण लिहिणारी?"

दिवसभर मला काही सुचलं नाही. अचौर्य व्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' येतो. अस्सल म्हणून नक्कल देणं. पाठशाळेत शिकवताना मी नेहमी दुधात पाण्याचं उदाहरण द्यायची, मुली हसायच्या. आणि इथं पाणी खरंच होतं, दुधात नव्हे तर इंजिनात. मी खोटं एक अक्षरही बोलले नव्हते. वही खोटी नव्हती, तिच्यातली प्रत्येक ओळ खरी होती. पण त्या पोरानं विचारायचं बंद केलं ते वहीवर विश्वास ठेवून. कॅम्पातल्या गृहस्थांनी तरी इंजिन गरम करून ठेवलं होतं. आम्ही माणूसच गरम करून ठेवला.

आणि सांगायचं म्हणजे ह्यांच्या वहीत चूक दाखवायची. मेलेल्या माणसाची. सगळ्यांपुढं ज्यांचं नाव सरळपणाबद्दल घेतलं जातं, त्यांची. सांगितलं नाही तर पैसे जास्त येणार होते हे खरं. पण मला अडवत होते ते पैसे नव्हते.

संध्याकाळी मी त्या मुलाला फोन लावला. जसं घडलं तसं सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "रविवारी मिस्त्रीला घेऊन येतो, काकू." इसारा परत मागेल असं धरून पाच हजार मी पाकिटात घालून ठेवले.

रविवारी दोघं आले. मिस्त्रीनं बाजूचं झाकण काढलं, आतलं मॅग्नेटचं चाक दोन्ही हातांत धरून वर-खाली हलवलं. मलाही हलवायला दिलं. अगदी किंचित, बांगडी सैल झाल्यावर हलते तेवढं. "क्रँक खोलाया पायजे," मिस्त्री म्हणाला, "पंधरा-अठरा हजार धरा." मुलानं माझ्याकडं न बघता विचारलं, "नव्वद चालतील काय?" मी हो म्हटलं. घासाघीस केली नाही; बोहारणीशी केली असती.

थोरल्याला कळवलं तर म्हणाला, "वीस हजारांची ओळ लिहिलीस, आई." दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी आला, भाजी काय केलीस म्हणून. आमच्या घरात माफी अशीच मागतात.

कागदांवर सह्या झाल्या, पोचपावतीवर तारीख-वेळ घातली. मग मी ती वही घेतली. ह्यांचं अक्षर निळ्या शाईतलं, डावीकडं झुकलेलं. जून आणि नोव्हेंबरच्या मधल्या चिंचोळ्या जागेत माझ्या काळ्या बॉलपेननं लिहिलं, 'ऑगस्ट 2019. गाडी दीड दिवस पाण्यात. क्रँक बेअरिंगला पाणी लागले.' जागा पुरेना, शेवटचे दोन शब्द समासात गेले. लग्नानंतर ह्यांच्या वहीत मी पहिल्यांदाच काही लिहीत होते.

मुलानं वही पिशवीत ठेवली. किक मारली. दोन सायलेन्सरचा तो आवाज गल्लीत घुमला आणि माझं पाऊल सवयीनं स्वयंपाकघराकडं वळलं. तेवढ्यात त्यानं गाडी चालू ठेवूनच विचारलं, "काकू, पण काकांनी हे का लिहिलं नव्हतं?"

मी म्हटलं, "राहून गेलं असेल."

बाकी सगळं त्याला खरं सांगितलं. हे एवढं उत्तर खरं की खोटं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.